दुसऱ्याच्या घरात दोन सोंगट्या

“शेश-बेश!” ह्यांनी फासे टाकले आणि टाळी वाजवली.

सहा आणि पाच. माझ्या घरात अडकून पडलेल्या त्यांच्या दोन सोंगट्यांपैकी एकीला सुटून पळायला एवढं दान पुरेसं होतं. पण ह्यांनी त्यांना हातही लावला नाही. दुसरीकडच्याच दोन सोंगट्या हलवल्या आणि खुर्चीत मागे रेलून सुपारी कातरायला घेतली.

“निघा की आता,” मी म्हटलं. “किती दिवस माझ्या घरात मुक्काम ठोकणार?”

“आम्हाला कुठे घाई आहे? घाई तुला होणार, हेमा. कधीतरी तू एक सोंगटी एकटी सोडशील. तेवढ्यासाठी तर बसलोय.”

हा खेळ आम्ही बसऱ्याला शिकलो. ह्यांची तिथल्या खताच्या कारखान्यात दोन वर्षं नेमणूक होती. संध्याकाळ झाली की तिथे घराघरांतून फाशांचा खडखडाट सुरू व्हायचा. तिकडे त्याला तावली म्हणतात, आपल्याकडे क्लबातले लोक बॅकगॅमन म्हणतात. पंधरा सोंगट्या तुमच्या, पंधरा समोरच्याच्या. पटाला वळसा घालून आपल्या सगळ्या सोंगट्या आपल्या घरात आणायच्या आणि मग एकेक करून उठवायच्या. ज्याच्या आधी उठल्या तो जिंकला. एका खणात दोन सोंगट्या जोडीने बसल्या की त्यांना कुणी हात लावू शकत नाही. एकटी सापडली की मार खाते आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बहुतेक लोक ह्यात पळायला बघतात. हे कधी पळत नसत. दोन सोंगट्या समोरच्याच्या घरात घट्ट बसवून ठेवायच्या, बाकीच्यांच्या जोड्या सोडायच्या नाहीत, आणि गंमत बघत बसायचं. त्याला तर घरी जायचंच असतं, कधी ना कधी त्याची जोडी फुटते. मला तेव्हा त्याचं भारी कौतुक होतं. माणूस उतावळा नाही, कधी अंगावर काही ओढवून घेत नाही, ह्याच्याशी संसार केला तर ठेच लागायची नाही, असं माझ्या आईचंही मत होतं.

बसऱ्याला एकदा शेजारचे अबू फारिस मोजण्यात चुकले होते. चार खण जायचं ते पाच खण गेले आणि त्यांची सोंगटी उघडी पडली. ह्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. हे काही बोलले नाहीत, सरळ फासे टाकले आणि ती सोंगटी मारली. घरी येताना मी म्हटलं, “त्यांची चाल चुकली होती, सांगायचंत ना.” हे हसले. “मी फासे टाकले की त्याची चाल पक्की, असा इथला नियम आहे. चूक त्याने केली, सांगायचं काम माझं कसं?” मला तेव्हा हसू आलं होतं. किती हुशार नवरा मिळाला, असंही वाटलं असेल.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी आमचा डाव रंगात आला होता. आम्ही तेव्हा कोकणात, खाडीकाठच्या एका रसायनांच्या कारखान्यात होतो. हे तिथले वर्क्स मॅनेजर. टेकाडावर आमचा बंगला, खाली खाडी आणि खाडीच्या काठाने खारव्यांची वाडी. व्हरांड्यात बसलं की सगळ्या होड्या दिसायच्या.

हे एकदम उठले. “भरती लागली,” म्हणाले. “जरा जाऊन येतो.”

“डाव टाकून कुठे?”

“सांडपाण्याची टाकी काठोकाठ आलीय. शुद्धीकरणाचा प्लँट दुरुस्तीला काढलाय, आणि मुंबईवाले म्हणतात प्रॉडक्शन थांबवू नका. थोडं खाडीत सोडून देतो. भरतीचं एवढं पाणी आहे, त्यात काय कळतंय? उजाडायच्या आत बंद करून टाकीन.”

“असं सोडतात?”

“सोडत नाहीत. म्हणून तर मी स्वतः जातोय.”

गमबूट चढवून, बॅटरी घेऊन ते मागच्या पायवाटेने खाली उतरले. व्हॉल्व्हचा खड्डा आमच्या टेकाडाच्या पायथ्याशीच होता, कारखान्याच्या कुंपणाबाहेर. जोडीला कुणाला न्यायचं कारण नव्हतं. भरतीचं पाणी खाडीत आत शिरतं, समुद्राकडे जात नाही, हे इंजिनिअर असून ह्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि मी तर माझ्या पुढच्या चालीचा विचार करत होते.

थोड्या वेळाने परत आले ते चिडूनच. गमबूट मागच्या दारात काढले. सडक्या अंड्यांचा आणि जळक्या रबराचा असा काही वास आला की मी पदर नाकाला लावला.

“हे बघ आमच्या केमिस्ट खडपेचे प्रताप!” ह्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे धरला. अंगठ्याखालची कातडी सोलून निघाली होती आणि तिच्यात गंज भरला होता. “दुपारी सॅम्पल घेऊन व्हॉल्व्ह बंद करून गेलाय. पण इतका घट्ट आवळतं का कुणी? दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे फिरला.”

मी हात धुऊन दिला. आयोडीन लावलं. “फुंकर घाल की,” हे लाडात येऊन म्हणाले. मी घातली. त्या फुंकरीची आठवण आली की मला अजून तोंड खळखळून धुवावंसं वाटतं.

मग डाव पुढे सुरू झाला. शेवटी माझी एक सोंगटी एकटी राहिलीच. ह्यांनी तीन आणि एक टाकून ती अलगद टिपली आणि दोन बोटांनी उचलून मधल्या पट्टीवर ठेवली. “म्हटलं नव्हतं?” म्हणाले. त्या पटावरचा तो माझा शेवटचा डाव.

सकाळी मला वासाने जाग आली. उजाडून गेलं होतं. हे गजर बंद करून पुन्हा झोपले होते. मी व्हरांड्यात आले आणि खाली बघितलं. खाडीचं पाणी काठाकाठाने पांढरं दिसत होतं. आधी मला फेस वाटला. मग नीट पाहिलं तर ती माशांची पोटं होती. वाडीची माणसं गुडघाभर पाण्यात नुसती उभी होती, आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्याभोवती गर्दी जमली होती.

ह्यांना मी हलवून उठवलं. हे खिडकीपर्यंत आले, बाहेर पाहिलं, आणि काय केलं असेल? दाढीचं पाणी मागितलं.

“अहो, व्हॉल्व्ह!”

“आता तिथे माणसं आहेत, हेमा,” हे म्हणाले. “दाढी करून रीतसर ऑफिसातून जातो.”

ते गेले आणि मागच्या दारी पारूबाई आली. पारूबाई खडपे. माझी मासळीवाली, आणि कारखान्यातला केमिस्ट जगन्नाथ खडपे हा तिचा मुलगा. वाडीतला पहिला बी.एस्सी. कारखान्यात तो मोठा साहेब नव्हता, पण वाडीत त्याच्या शब्दाला मान होता, कारण कारखान्याचं पाणी खाडीत येणार नाही हा शब्द त्यानेच वाडीला दिला होता. मला वहिनी म्हणायचा. आमच्याकडे चहाला आला की कपबशी स्वतः विसळून ठेवायचा, कितीही नको म्हटलं तरी.

पारूबाईने टोपली पायरीवर उतरवली. टोपलीत बोयी होत्या, काळुंदर होते, दोन चिंबोऱ्या होत्या. विकायला आणलेले नव्हते. डोळ्यांवर साय धरलेली, कल्ले काळे पडलेले. एरवी ताज्या बोयी दिसल्या की आम्हा कायस्थांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी मी दोन पावलं मागे सरले.

“वैनी, बगा. समदी मेली,” ती म्हणाली. “चिंबोरीसुदिक पान्यातनं भायेर येऊन मेली.”

“कसं झालं कळलं का?” मी विचारलं. काय कळलं असेल ह्याची मला धास्ती होती.

“कळला तर. माज्या जगूनं केला.”

“जगूने?”

मग तिने सांगितलं ते असं. कारखान्यात पद्धत होती, की ज्याने व्हॉल्व्ह उघडायचा त्याने आपल्या नावाची लाल पत्र्याची पाटी त्याच्यावर अडकवायची, आणि बंद केला की पाटी काढून घ्यायची. पाटी लटकते आहे म्हणजे व्हॉल्व्ह उघडा आहे आणि ह्या माणसाच्या जबाबदारीवर उघडा आहे. साहेब लोकांना अशा पाट्या नव्हत्या, ते कधी व्हॉल्व्हला हातच लावत नसत. सकाळी लोक धावले तेव्हा व्हॉल्व्ह उघडा होता आणि त्यावर पाटी होती, ज. खडपे. जगूही धावत आला, त्याने पाटी पाहिली आणि डोकं धरून तिथेच खाली बसला. सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्याकडून राहिला.

“आनि त्येचा बी दोस नाय, वैनी. माजा हाय. दुपारी होडीतनं जाता जाता मी त्येला हाक मारली, जेवलास काय म्हून. तसा तो हातातला टाकून पान्याजवल आला, माज्याशी बोलत ऱ्हायला. थितनंच परत गेला. माज्या हाकेनं इसारला तो. मीच मारली ही खाडी.”

ती रडत नव्हती. पदराने टोपलीतल्या माशांवरच्या माशा हाकलत होती. सवयीनेच, दुसरं काय?

“पारूबाई, जरा थांबा,” मी म्हटलं. “साहेब संध्याकाळी घरी आले की मी बोलते. काहीतरी चुकतंय.”

“आयतवारी गावकी बसनार हाय. नारळ हातात दिऊन देवळाम्होरं हुभा करतील त्येला. त्याचा काय नाय, वाकंल तो. पन शब्द दिला नि मोडला म्हून त्येला वाडीतनं काडायचा म्हनतायत. मग त्येच्या दारात कोन येनार नाय. मयतालासुदिक नाय.”

संध्याकाळी हे आले. कपडे बदलले, हात-पाय धुतले, चहा घेतला. मी वाट पाहत होते. मग पट उघडायला लागले.

“अहो,” मी म्हटलं, “जगू म्हणतोय व्हॉल्व्ह त्याच्याकडून उघडा राहिला.”

“हो. म्हणतोय खरा.”

“पण त्याने बंद केला होता! तुम्हीच म्हणालात, घट्ट आवळला होता म्हणून.”

“मी म्हणालो ते तुला म्हणालो.”

“म्हणजे?”

“म्हणजे अजून मला कुणी काही विचारलेलं नाही. पाटी त्याची सापडली. कबूल त्याने केलं. मी त्याच्यावर काही आरोप केलाय का? एक शब्द तरी खोटा बोललोय का?”

“मग खरं कधी बोलणार?”

ह्यांनी माझ्याकडे समजुतीने पाहिलं, लहान मुलाकडे पाहतात तसं. “रविवारी मुंबईहून रांगणेकर चौकशीला येतायत. त्यांच्यासमोर बोलू. ज्याच्या त्याच्यासमोर बोलून काय उपयोग? वेळ बघून बोलायचं असतं.”

मला ते पटलं. खरंच पटलं. वरिष्ठांसमोर एकदाच काय ते सांगतील, असं मी धरून चालले. शनिवारी वाडीतल्या बायका किनाऱ्यावर खड्डे खणून मासे पुरत होत्या आणि वास काही केल्या जात नव्हता. दारं-खिडक्या लावल्या, उदबत्त्या लावल्या, तरी भाताच्या वाफेलासुद्धा तोच वास. ह्यांनी त्या दिवशी अंड्यांची पोळी मागितली आणि बोटं चाटून खाल्ली.

रविवारी सकाळी रांगणेकर आले. गोरेपान, मऊ बोलणारे, हेड ऑफिसात जन्म गेलेले गृहस्थ. जगूला अकरा वाजता बंगल्यावर बोलावलं होतं. त्याच्याबरोबर पारूबाईही आली आणि मागच्या पायरीवर बसून राहिली. मी तिला आत ये म्हटलं, ती नको म्हणाली.

जगू यायला अजून वेळ होता. रांगणेकरांची नजर कोपऱ्यातल्या पटावर गेली. शिसवी लाकडात शिंपल्याचं जडावकाम केलेला आमचा पट कुणाच्याही नजरेत भरायचा.

“वा! तुम्ही खेळता? मी लंडनला असताना शिकलो होतो. आता सवय सुटलीय थोडी.”

“बसा की मग. एक डाव होऊन जाऊ दे,” हे म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ह्या वेळी? ज्या कामासाठी माणूस मुंबईहून आला त्याचं एक अक्षर न काढता? पण हे सोंगट्या मांडतही होते. खेळता खेळता आपली युक्ती समजावून सांगत होते, “मी पळत नाही, रांगणेकर. तुमच्या घरात माझ्या ह्या दोन बसल्या, की मी निर्धास्त. बाकी आपलं काही उघडं ठेवायचं नाही. चूक काय, समोरचा करतोच.”

“डिफेन्सिव्ह!” रांगणेकर हसले.

“अगदी. हल्ला करून कोण मोठा झालाय?”

मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा रांगणेकरांना पाच आणि तीन पडले होते. त्यांनी तीन बरोबर खेळले. पाचाने त्यांची सोंगटी जोडीदारापाशी जाऊन बसली असती. पण बोलण्याच्या नादात त्यांनी सहा खण मोजले आणि ती शेजारच्या खणात, एकटीच ठेवली. जोडीदारही एकटा पडला.

ह्यांनी पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मला दिसलं की नाही ते बघायला. आणि डोळा बारीक केला. नवरा-बायकोतली गंमत म्हणून करतात तसा. मग घाईघाईने फासे उचलले आणि टाकले. रांगणेकरांची चाल पक्की झाली.

त्या डोळ्याने मला जे सांगितलं ते तीन दिवस कानांनी ऐकूनही मला कळलं नव्हतं. हा माणूस आज बोलणार नाही. उद्याही नाही. वेळ बघून बोलायचं वगैरे सगळं माझ्यासाठी होतं, मला गप्प बसवायला. जगूची चाल चुकली होती, ह्यांच्या फायद्याची होती, आणि हे फक्त ती पक्की व्हायची वाट पाहत होते. माझ्या अंगावरून पाल गेल्यासारखी शिसारी आली. ट्रे मी टेबलावर ठेवला.

दारावर टकटक झाली. जगू आला. पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. चौकशीला नाही, मुलाखतीला आल्यासारखा.

“बस,” रांगणेकर म्हणाले. तो उभाच राहिला.

“साहेब, चूक माझी आहे. दुपारी सॅम्पल घेतलं. मग आईशी बोलत राहिलो आणि व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. मला बंद केल्यासारखं आठवतं, पण ते खरं नसणार. पाटी वर होती. माझा बचाव काही नाही.”

“नीट आठवून पाहा. बंद केल्यासारखं आठवतं म्हणतोस ना?” रांगणेकरांनी विचारलं.

“तीन दिवस तेच करतोय, साहेब. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही.”

ह्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता. अजूनही, शेवटच्या क्षणी, माझ्या वेड्या मनाला वाटलं.

“रांगणेकर, मी ह्या मुलाच्या बाजूने एक शब्द टाकतो,” हे म्हणाले. आवाज अगदी बापाचा. “पोरगा प्रामाणिक आहे. स्वतःहून कबूल केलं. माणसाला विसर पडतो. त्याला नोकरीवरून काढू नका असं माझं म्हणणं आहे. दुसऱ्या प्लँटवर बदली करा. इथे त्याच्या वाडीत त्याला राहणंही आता कठीणच आहे.”

“फार उदारपणा आहे तुमचा, कर्णिक,” रांगणेकर म्हणाले.

आणि जगूने हात जोडले. ह्यांना! डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही.”

हे त्याला मानेनेच असू दे, असू दे म्हणत होते.

मी पुढे झाले. मुद्दाम मोठ्याने बोलले, मागच्या पायरीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.

“जगू, हात खाली कर. व्हॉल्व्ह तू बंद केला होतास.”

“नाही वहिनी, पाटी...”

“पाटी काढायची राहिली. तेवढंच राहिलं. व्हॉल्व्ह तू इतका घट्ट आवळला होतास, की संध्याकाळी साहेबांना तो दोन्ही हातांनी फिरवावा लागला. बंद होता म्हणून तर उघडावा लागला ना? गुरुवारी संध्याकाळी भरती लागल्यावर टाकी रिकामी करायला साहेब खाली गेले होते. एकटेच. गमबुटांचा वास अजून मागच्या दारात आहे.”

हे पटाकडे बघत होते, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

“हेमा, तुझा काहीतरी गैरसमज...”

“अहो, उजवा हात दाखवा ह्यांना.”

ह्यांनी मूठ मिटून घेतली. मुठीत फासे होते.

“मीच आयोडीन लावलंय त्याला,” मी रांगणेकरांना म्हटलं. “अंगठ्याच्या खाली सोललंय. व्हॉल्व्हच्या चाकावर गंज आहे, तो आत शिरलाय. बघून घ्या.”

“कर्णिक?” रांगणेकर म्हणाले.

हे हळूच मागे रेलले. घाबरले असते, ओरडले असते, माझ्या थोबाडीत मारली असती तरी मला एक माणूस दिसला असता. पण ते शांत होते.

“मला कुणी विचारलंच नव्हतं,” ते म्हणाले. “आताही मी खोटं बोललेलो नाही. मी विसर पडतो म्हणालो. कुणाला पडतो ते म्हणालो नाही.”

जगू त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याला राग येत नव्हता, तो अजून हिशोब लावत होता. मग म्हणाला, “म्हणजे मी बंद केला होता?” स्वतःशीच. पुन्हा एकदा म्हणाला, “मी बंद केला होता.” आणि भिंतीला टेकला.

रांगणेकर उठले, दार लोटून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “वहिनी, झालं ते झालं. ह्यात कंपनीचंही नाव आहे. यांत्रिक बिघाड होता असं दाखवू. कुणावरच काही येणार नाही, खडपेवरही नाही. हे आपल्या चौघांत राहू दे.”

मी मागच्या दाराशी गेले. पायरी रिकामी होती. पारूबाई नऊवारीचा काष्टा आवळून टेकाडाच्या वाटेने वाडीकडे धावत सुटली होती. त्या वयात, त्या उतारावरून. तिची हाक मला वरपर्यंत ऐकू आली.

संध्याकाळी गावकी बसली आणि जगूला कुणी उभं केलं नाही. रांगणेकर दुपारच्या एसटीनेच गेले होते. दिवेलागणीच्या आधी गावकर, म्हणजे वाडीचे प्रमुख, वर आले, बरोबर दोन म्हातारे. व्हरांड्याच्या कठड्यावर त्यांनी एक सोललेला नारळ ठेवला, शेंडी राखलेला.

“सायेब,” गावकर म्हणाले, “आमी भांडायला नाय आलो. खाडी समद्यांची हाय. हा नारळ घेऊन येकदा देवळाम्होरं येवा, खाडीला वाका. आमी वाट बगतो. मग आमच्या मनात काय नाय.”

“बरं, बरं. बघू,” हे म्हणाले.

ती माणसं पायवाटेने खाली उतरली. देवळापुढे बत्ती पेटलेली वरून दिसत होती आणि भोवती माणसं बसलेली दिसत होती. एवढंच करायचं होतं. खाली जायचं, वाकायचं, वर यायचं. मी ह्यांच्या चपला पायऱ्यांपाशी आणून ठेवल्या. दिवसभराचं सगळं झाल्यावरही ठेवल्या.

ह्यांनी नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, पाण्याचा आवाज ऐकला आणि परत कठड्यावर ठेवला.

“चांगला भरलेला आहे,” म्हणाले. “बाजारातून बोंबील मागव उद्या. कालवणात घाल.”

मग त्यांनी टेबल ओढलं, पट उघडला, माझ्या पांढऱ्या आणि त्यांच्या काळ्या सोंगट्या मांडल्या. माझ्या घरात त्यांच्या दोन, नेहमीप्रमाणे, नीट जुळवून ठेवल्या. आयोडीनने पिवळा पडलेला तळहात दिव्याखाली उघडा होता आणि त्यावर फासे होते. ते त्यांना अंगठ्याने कुरवाळत होते.

“ये, बस,” हे म्हणाले. “डोकं शांत होईल तुझं.”

मला त्या हाताकडे बघवेना. त्याच हाताने मला किती वर्षं जवळ घेतलं होतं, आणि पुढेही घेणार होता.

मी कठड्यावरून नारळ उचलला आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, माझ्या जागेवर ठेवला. शेंडी त्यांच्याकडे करून, सरळ.

“खेळा,” मी म्हटलं, आणि पायात चपला घालून खाली वाडीकडे निघाले, साहेब येणार नाहीत हे त्यांना सांगायला.